दीड तासात नागपूर: मालाडकर नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

मुंबईहून नागपूरला विमानाने दीड तास लागतो, हे वाक्य खरं आहे. तिकिटावर तसं छापलेलं असतं, विमान कंपनी तसं सांगते आणि नागपूरच्या सासुरवाडीला तर ते तोंडपाठ असतं. प्रस्तुत मार्गदर्शनाचा त्या वाक्याशी काही वाद नाही. त्या वाक्यात मालाड कुठेच येत नाही आणि आपण राहायला मालाडला आहोत, एवढीच अडचण आहे.

कुरार, दिंडोशी, आप्पा पाडा, लिबर्टी गार्डन, ऑर्लेम, मालवणी या भागांत राहणाऱ्या आणि आजवर नागपूरला रात्रीच्या गाडीने गेलेल्या सज्जनांसाठी हा मजकूर आहे. पार्ले-अंधेरीकरांनी तो वाचू नये. त्यांना विमानतळ जवळ आहे आणि ते ही गोष्ट कुणाला विसरू देत नाहीत.

आधी अंतर

मुंबई ते नागपूर किती किलोमीटर, असं कुणी विचारलं तर एकदम आकडा सांगू नये. कशाने जाणार ते आधी विचारावं. मध्य रेल्वेने, म्हणजे सीएसएमटीपासून भुसावळ-बडनेऱ्यावरून, 837 किलोमीटर. समृद्धी महामार्गाने 701. आणि नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर विमानतळ ते विमानतळ सुमारे 685. ही रेघ मोठी गमतीची आहे. ती छत्रपती संभाजीनगरच्या डोक्यावरून जाते, पुढे वर्ध्याला किंचित उजवीकडे टाकते आणि नागपूरच्या, म्हणजे सोनेगावच्या, विमानतळाला टेकते. म्हणजे समृद्धी महामार्ग आखणाऱ्यांनी आणि विमानाने जवळजवळ एकच पट्टी वापरली, असं म्हणायला हरकत नाही.

यावर हुशार नवशिक्या विचारतो, मग गाडीनेच का जाऊ नये? 701 किलोमीटर, वेगाची मर्यादा ताशी 120, भागाकार केला की पाच तास पन्नास मिनिटं. भागाकार बरोबर आहे. पण तो महामार्ग सुरू होतो भिवंडीजवळच्या आमण्यापासून. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला खुला झाला आणि मुंबई-नागपूर जोडल्याची वर्तमानपत्रांत बातमी आली. मालाड ते आमणे जोडल्याची बातमी अजून यायची आहे. दहिसरचा नाका, घोडबंदर रोड, माजिवडा, मग नाशिकचा रस्ता, एवढं ओलांडलं की समृद्धीच्या तोंडाशी पोचता येतं. घोडबंदर रोडवर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला पुढे सातशे किलोमीटर ताशी 120 ने जाता येणार आहे, हे सांगून बघा. तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल, तिला वेगमर्यादा नसते.

अंतराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मान्य करू. या बाबतीत नागपूरकरांचा अधिकार आपल्याहून मोठा. त्यांच्याकडे झीरो माइलचा दगडी खांब आहे, शेजारी चार घोडे आहेत आणि जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, हैदराबाद अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. ज्या गावाने अंतर दगडात कोरून ठेवलं, तिथला माणूस विचारल्यावर किलोमीटर सांगणारच. मालाडचा माणूस मिनिटं सांगतो. स्टेशनपासून घर किती लांब? "दहा मिनिटं." रिक्षाने की चालत? "दोन्ही." नवशिक्याने हा फरक नीट लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

मग वेळ

विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास धावतं. 685 भागिले 800, म्हणजे एक्कावन्न मिनिटं. तिकिटावर मात्र दीड तास, कधी त्याहून पाचदहा मिनिटं जास्त. मधली चाळीस मिनिटं कुठे जातात?

बरीचशी जमिनीवरच जातात. विमान कंपनीचं घड्याळ विमान उडाल्यावर सुरू होत नाही. विमान गेटपासून मागे ढकललं की ते सुरू होतं आणि नागपूरला गेटपाशी जाऊन चाकांना अडसर लावला की थांबतं. शिवाय मुंबईच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदून जातात. एकीवरून विमान जात असताना दुसरीवरच्याला थांबावं लागतं, त्यामुळे दोन असून कारभार एकीचाच. त्यावर 11 नोव्हेंबर 2023 या एका दिवसात 1,032 विमानं उतरली आणि उडाली. दिवसाच्या 1,440 मिनिटांना या आकड्याने भागून बघा, म्हणजे खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या विमानांचा राग येणार नाही.

आणि कंपन्याही मुरलेल्या असतात. दोनचार मिनिटं त्या वेळापत्रकात आधीच खिशात टाकतात. विमान उशिरा सुटून वेळेवर पोचतं आणि वैमानिक अभिमानाने तशी घोषणा करतो, तेव्हा ही खिशातली मिनिटं खर्च झालेली असतात. आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, पंधरा मिनिटांच्या आतल्या उशिराला उशीर धरत नाही. हा नियम घरच्यांना सांगू नये, त्याचा गैरवापर होतो.

एके काळी नागपूर ते मुंबई विमानप्रवास खरोखर एक्कावन्न मिनिटांत करून दाखवता आला असता. मुंबईने आपलं स्वतंत्र घड्याळ 1955 पर्यंत सोडलं नव्हतं. भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ते एकोणचाळीस मिनिटं मागे. नागपुरात सहाला निघालात आणि दीड तासाने उतरलात, तर मुंबईच्या घड्याळात वाजलेले असते सहा एक्कावन्न. जाताना मात्र हाच हिशेब दोन तास नऊ मिनिटं दाखवतो. मालाडकराच्या नशिबी नेहमी जाण्याची बाजू कशी येते, कोण जाणे.

त्या काळात विमानंही अशी चपळ नव्हती, पण नागपूरचा मान मोठा होता. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान सुटायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावच्या तळावर एकत्र यायची. टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या गावी परत. सुरुवातीला डाकोटा विमानं असत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला तयार. आज कुरिअरवाले याच गोष्टीचे वेगळे पैसे घेतात.

विमानतळ ओळखणे

नवशिक्यांचा सर्वाधिक घात इथे होतो. मुंबईत विमानतळ म्हटलं की एकच, अशी समजूत मालाडमध्ये अजून टिकून आहे. प्रत्यक्षात टर्मिनल 1 पार्ले पूर्वेला, टर्मिनल 2 सहारला, आणि दोन्हींच्या दारांमधलं अंतर रस्त्याने चार-पाच किलोमीटर, म्हणजे मालाडच्या मापात पाऊण तास. टर्मिनल 1 वरून फक्त देशातली विमानं, टर्मिनल 2 वरून देशातलीही आणि परदेशीही. परदेशाला जाणारा कुठे जायचं ते बरोबर ओळखतो; नागपूरला जाणाराच चुकतो. त्यात 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे, पार उलव्याला. तिकिटात स्वस्ताई दिसली आणि कोपऱ्यात नवी मुंबई लिहिलेलं असेल, तर बचतीतून टॅक्सीचं भाडं वजा करून बघावं. उरलेल्या रकमेला ऋण चिन्ह लागलेलं असेल.

चुकीच्या टर्मिनलला पोचलात तर खचून जाऊ नका. 1972 साली लंडनहून टोकियोला निघालेलं जपान एअरलाइन्सचं एक अख्खं डीसी-8 सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं. त्यांच्याकडे नकाशे होते, यंत्रं होती, प्रशिक्षण होतं. तुमच्याकडे फक्त मेव्हण्याने पाठवलेला स्क्रीनशॉट होता.

घरातून निघणे

आता मुख्य भाग. इथे घाई करून चालणार नाही. घाई पुढे करायचीच आहे.

मालाड स्टेशन ते टर्मिनल 2 हे अंतर सरळ रेषेत जेमतेम दहा किलोमीटर. रस्त्याने बारा-चौदा धरा. विमानाच्या वेगाने ते एका मिनिटाच्या आत संपलं असतं. पण विमान मालाडला येत नाही, आपल्यालाच तिकडे जावं लागतं, आणि सकाळी साडेसात ते दहा या वेळात अख्खी पश्चिम उपनगरं त्याच दिशेला निघालेली असतात.

समजा, विमान सकाळी अकराचं आहे. सामान देण्याचे काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतात. म्हणून नऊला दारात. म्हणून साडेसातला घर सोडणं. म्हणून साडेपाचला उठणं. म्हणून आदल्या रात्री झोप न लागणं. या वजाबाकीला पर्याय म्हणून पहाटे सहाचं विमान घेणारे लोक असतात. त्यांना रस्ता रिकामा मिळतो, पंचवीस मिनिटांत पोचतात, आणि हे पुढची दहा वर्षं सांगतात. त्यासाठी घर मात्र रात्री तीनला जागं झालेलं असतं, आणि जो प्रवासाला जाणार नाही तोच सर्वांत मोठ्याने जागा झालेला असतो.

जाण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

पहिली, टॅक्सी किंवा रिक्षा, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून. पूर्वेकडच्यांना हायवे दाराशी आहे; पश्चिमेकडच्यांना आधी एस. व्ही. रोड आणि रेल्वेचे रूळ ओलांडायचे असतात, तो एक स्वतंत्र प्रवास आहे आणि त्याचं तिकीट नसल्यामुळे तो हिशेबात कुणी धरत नाही. हायवेवर आलात की आरेच्या फाट्यापर्यंत आशा, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यापाशी शंका, आणि अंधेरीच्या पुलावर मौन. फोनवरचा नकाशा दर दोन मिनिटांनी पोचण्याची वेळ एक मिनिटाने पुढे ढकलत असतो. चालकाला "जरा लवकर घ्या ना" म्हणू नये. तो आरशातून तुमच्याकडे बघेल, मग समोरच्या बसकडे बघेल, आणि दोन्हींपैकी काहीच हलणार नाही. पावसाळ्यात अंधेरी सबवेत पाणी भरल्याची बातमी आली की निघण्याच्या वेळेत तास वाढवावा. तुम्ही त्या सबवेतून जाणार नसता हे खरं. पण जे जाणार होते ते सगळे आता तुमच्या रस्त्यावर आलेले असतात.

दुसरी, लोकल. विमान टर्मिनल 1 वरून असेल तर ही तऱ्हा खरोखर चांगली आहे: मालाडहून धीमी गाडी, विलेपार्ल्याला पूर्वेकडे उतरा, रिक्षा करा, झालं. अडचण एकच. सकाळी आठच्या गाडीत चाकाची बॅग घेऊन मालाडला चढणं. दारात उभ्या असलेल्या मंडळींना तुमची बॅग वैयक्तिक अपमान वाटते. "एअरपोर्टला जाताय तर टॅक्सीने जायचं ना," हे वाक्य तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. ते ऐकवणाऱ्याच्या पायावरून बॅगचं चाक गेलेलं असतं, तेव्हा उत्तर देऊ नये.

तिसरी, मेट्रो. हिच्यावर थोडं थांबावं लागेल, कारण हीच आजची सर्वांत भरवशाची आणि सर्वांत फसवी तऱ्हा आहे. पूर्वेकडच्यांनी कुरार किंवा दिंडोशीला मेट्रो 7 पकडायची. हायवेच्या वरून जाताना खाली अडकलेल्या गाड्या दिसतात. त्यांच्याकडे सहानुभूतीने बघावं, हसू नये, परतीच्या वेळी आपण त्यांत असू. गुंदवलीला उतरून जोडपुलावरून चालत मेट्रो 1 च्या वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशनात. तिथून घाटकोपरकडे जाणारी गाडी. पश्चिमेकडच्यांनी मेट्रो 2 ए ने अंधेरी पश्चिम, तिथून डी. एन. नगरला त्याच मेट्रो 1 मध्ये. आणि आता सावधान! चकाल्यानंतरचं स्टेशन येतं, घोषणा होते, "एअरपोर्ट रोड". नवशिक्या बॅग उचलतो आणि उतरतो. उतरू नये. नावात रोड आहे, विमान नाही. तुम्हाला हवं आहे त्याच्या पुढचं, मरोळ नाका. मरोळ नाक्याला वरच्या मेट्रोतून उतरून सरकत्या जिन्यांवरून जमिनीखाली, आणखी खाली, मेट्रो 3 च्या फलाटावर. तिथून दुसऱ्याच मिनिटाला पुढचं स्टेशन टर्मिनल 2. टर्मिनल 1 चं स्टेशन त्याच मार्गावर थोडं पुढे. मेट्रो 7 आणि 2 ए चा अंधेरीपर्यंतचा टप्पा जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि मेट्रो 3 ऑक्टोबर 2024 मध्ये आरेपासून धावायला लागली. त्याआधी मालाडहून रुळावरून थेट विमानतळाच्या पोटात पोचायची सोयच नव्हती. आता तीन मेट्रो, दोन बदल्या, आणि वाहतूक कोंडी शून्य. फक्त मेट्रो 1 मध्ये सकाळी नऊला सुटकेससह शिरण्याची अंगमेहनत तेवढी धरा. पहाटे सहाच्या विमानवाल्यांना मेट्रोचा काही उपयोग नाही. ते पंचवीस मिनिटांत पोचतात, त्यांना कशाचाच उपयोग नाही.

सामान

विमानाच्या पोटातल्या सामानाला बहुधा पंधरा किलो, हातातल्याला सात. वजन घरीच करून जावं. वजनकाटा नसेल तर भंगारवाल्याकडचा ताणकाटा दोन मिनिटांसाठी मिळतो. तो बॅग लटकवतो, "सोळा सहाशे" म्हणतो, आणि भाव सांगणार इतक्यात बॅग परत घ्यावी.

लग्नाला जाताना सुक्या खोबऱ्याचा अख्खा गोटा सामानात टाकू नये. त्यात तेल असतं, म्हणून विमानाच्या हिशेबात तो पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतो. पॉवर बँक उलट: ती पोटातल्या सामानात चालत नाही, हातातल्यातच ठेवायची. या दोन नियमांची सरमिसळ झाली की तपासणीच्या काउंटरवर बॅग उघडावी लागते, आणि मालाड स्टेशनबाहेरच्या मिठाईच्या डब्यांवर कुणाकुणाची नावं लिहिलेली आहेत हे मागच्या सगळ्या रांगेला कळतं. सुपारी कापायचा अडकित्ता हातातल्या पिशवीत नेणाऱ्या आजोबांना आधीच समजावून सांगावं. ते ऐकत नाहीत. मग तिथला जवान समजावतो, आणि त्याचं मात्र लगेच ऐकतात.

आत

आतलं फार सांगण्यासारखं नाही. पट्टा काढा, पाकीट ट्रेमध्ये, किल्ल्या ट्रेमध्ये, ट्रे पुढे. पलीकडे गेल्यावर तीन ट्रे एकसारखे दिसतात आणि माणूस पँट धरून आपला शोधत असतो. चेहरा दाखवून आत सोडणाऱ्या डिजियात्रा यंत्रासमोर चष्मा काढावा की ठेवावा याची चर्चा मागच्यांशी करू नये. चहाच्या किमतीवर मोठ्याने मत देऊ नये. ते सगळ्यांचं तेच आहे.

आकाशात

जागा निवडायला मिळाली तर उजवी खिडकी घ्या, म्हणजे एफ. त्यामागे कारण आहे. नागपूर पूर्वेला, पण मुंबईहून विमान बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उडतं. मुख्य धावपट्टीवर ते जिथून धावायला लागतं त्या टोकावर 27 हा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे होकायंत्रावरचे 270 अंश, थेट मावळतीची दिशा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला सामोरं जाऊन उठायचं, म्हणून. तर नागपूरचं विमान आधी जुहूवरून अरबी समुद्रावर जातं, तिथे वळतं, आणि मग विदर्भाकडे निघतं. त्या पहिल्या मिनिटात उजव्या खिडकीतून वर्सोवा दिसतो, खाडीपलीकडे मढ दिसतं, आणि हवा स्वच्छ असली तर त्यामागे मालाडच्या उंच इमारतींचा जुडगा. सकाळी साडेसातला सोडलेलं घर सव्वाअकराला पुन्हा नजरेसमोर! काही नवशिके इथे हळवे होतात, काही गॅस बंद केला होता का ते आठवू लागतात.

वर स्थिरावल्यावर खाली आधी सह्याद्री, मग मराठवाड्याची करडी-पिवळी शेतं. हिवाळ्यात वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना विमानाला मागून रेटा मिळतो आणि येताना तोच वारा तोंडावर. तिकिटावर जायची आणि यायची वेळ निराळी दिसली तर कंपनीला फोन करू नये. हवाईसुंदरीची गाडी तुमच्या रांगेपर्यंत येईतो विमान उतरायला लागलेलं असतं. दीड तासाच्या प्रवासात तिलाही पळापळच असते. सँडविच हातात आणि टेबल बंद करायची सूचना, हा क्षण प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

उतरल्यावर

साडेबाराला नागपूर. मे महिना असेल तर दार उघडल्यावर जी हवा आत येते तिला हवा म्हणायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो. विमानतळ आटोपशीर आहे, चुकायला जागा नाही. सामान यायला पंधरा-वीस मिनिटं. बाहेर नागपूर मेट्रोचं स्टेशन आहे, सीताबर्डी फार लांब नाही. पण सासुरवाडीची गाडी आलेली असेल तर मेट्रोचं नाव काढू नये.

आता परीक्षेचा प्रसंग. सासरे दारात उभे. पानं वाढलेली. सकाळी "निघालो" असा फोन साडेसातला गेला होता. आता दीड वाजलाय.

"जावईबापू, विमान दीड तासाचं, अन् तुम्ही सकाळपासून येऊनच राहिले!"

यावर हायवे, मेट्रो, काउंटर, धावपट्ट्यांचा छेद वगैरे सांगू नये. झीरो माइलच्या गावात लोकांना अंतर समजतं, मालाड समजत नाही. "हो ना बाबा," म्हणावं आणि हातपाय धुवायला जावं. मेव्हणा मात्र सोडणार नाही. तो म्हणेल, "सहा तास लागले म्हणजे भाऊजी, समृद्धीनं आले असते तर तुम्ही तेवढ्यातच पोचले असते." त्याला घोडबंदर रोडबद्दल काहीही सांगू नका. मालाडला येईल तेव्हा स्वतःच कळेल.

नवशिक्यांना पडणारी शेवटची शंका अशी की, मग विदर्भ एक्सप्रेस वाईट होती का? मुळीच नाही. संध्याकाळी दादरला बसायचं, सकाळी वर्ध्याला चहा, नागपूरला आंघोळ. तीत तेरा-चौदा तास जातात, पण त्यांतले आठ झोपेत. विमानात एकही तास झोपेत जात नाही, आणि आदल्या रात्रीचेही जागरणात जातात. हा हिशेब मांडला की विमानाचं पारडं थोडं हलकं होतं. तरी लोक विमानानेच जातात, कारण "दीड तासात आलो" असं चार लोकांत सांगता येतं.

परत

परतीच्या बॅगेत संत्री भरू द्यावीत, नाही म्हणता येत नाही. पेटीभर नको, दोन किलो पुरे. बाकी पंधरा किलोचा काटा सांभाळेल. संत्रा बर्फीचे डबे हातातल्या सामानात. मुंबईवर आल्यावर विमान घिरट्या घालू लागलं तर घड्याळ बघू नये. खाली रांग आहे, वरही रांग आहे. उतरताना बहुधा पूर्वेकडून येतं, घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून, इतक्या खालून की कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते दिसतं.

बाहेर पडलात की टॅक्सीच्या रांगेत उभे राहा. रात्रीचे नऊ वाजले असतील, उत्तरेकडे जाणारा हायवे भरलेला असेल, आणि हे चालकालाही ठाऊक असतं. तो विचारेल, कुठे? "मालाड" म्हणा. तो विचारेल, ईस्ट की वेस्ट? याचं उत्तर सामान डिकीत गेल्यावर, डिकी बंद झाल्यावर आणि गाडीचं इंजिन सुरू झाल्यावरच द्यायचं. वेस्ट असेल तर अंधेरीचा पूल चढेपर्यंत थांबलात तरी चालेल.